कोनाड्यात न मावलेला संत

समजा, तुमच्यासमोर शिवणीच्या लाकडाचा छातीपर्यंत येणारा ठोकळा उभा आहे आणि त्यातून तुम्हाला एक संत बाहेर काढायचा आहे. एका हातात पटाशी आहे, दुसऱ्यात लाकडी हातोडा. पाय सोपे आहेत, ते झग्याखाली झाकले जातात. झगाही सोपा, वरून खाली चुण्या सोडत यायचं. हात थोडे अवघड, पण हा संत सुतार आहे. त्याच्या एका हातात रंधा आणि दुसऱ्यात गुण्या दिला की बोटं कशी वळवायची ते आपोआप कळतं. आता वर या. पटाशी टेकवा आणि सांगा, चेहरा कुणाचा घेणार?

इथे तुम्ही अडकाल. गुरुदत्त नाडगौडाही इथेच अडकले होते. कलकत्त्यात, डमडमच्या त्यांच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात गळ्यापर्यंत तयार झालेला आणि त्याच्या वर नुसताच चौकोनी ठोकळा असलेला तो संत कितीतरी दिवस तसाच उभा होता. इस्त्रीचे कपडे घेऊन येणारी बाई त्याला बघून रोज नव्याने दचकायची.

गुरुदत्त काही मूर्तिकार नव्हेत. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. गुरुदत्तांचा जन्म, शाळा, नोकरी, सगळं इथलंच. गार्डन रीचच्या बाजूला एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. पंपाचं घर, झडप, दातेरी चाक, लोखंडात काहीही ओतायचं असलं की ते आधी हुबेहूब लाकडात करायचं, वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लाकडाचं काम गुरुदत्तांचं. वाळूत दाबायचं काम त्यांच्या जोडीदाराचं, म्हणजे बेनेडिक्ट गोमेजचं. नंतर लोखंड जहाजात जाऊन बसायचं, त्याला रंग लागायचा, त्याच्यासमोर साहेब लोक फोटो काढून घ्यायचे. लाकूड कोठारात जायचं. निवृत्त होऊन घरी बसल्यावर गुरुदत्तांच्या ध्यानात आलं, की आपण जन्मभर जे केलं ते कुणी बघितलेलंच नाही.

हे ते एकदा बेनेडिक्टजवळ बोलले आणि तिथून सगळं सुरू झालं.

बेनेडिक्टचं चर्च गार्डन रीचच्या कामगारवस्तीत होतं. लहानसं, पत्र्याच्या शेडला लागून असलेलं, संत जोसेफचं. जोसेफ म्हणजे येशूला वाढवणारा बाप, धंद्याने सुतार, आणि म्हणून सगळ्या कष्टकऱ्यांचा आश्रयदाता. एक मे हा त्याचा सण. त्या दिवशी वस्तीतला प्रत्येक जण आपापलं हत्यार घेऊन येतो आणि संताच्या पायाशी ठेवून आशीर्वाद घेऊन जातो. वेल्डरचा चष्मा, गवंड्याची थापी, चहावाल्याची किटली, टॅक्सीची चावी, सगळं. तिथली जुनी प्लास्टरची मूर्ती ओल खाऊन अशी पोकळ झाली होती की गेल्या वर्षी शिडीवर चढून हार घालताना एका वेल्डरने भक्तिभावाने संताचा हात धरला आणि तो हात त्याच्याच हातात आला.

"चाळीस वर्षं तुझं काम मी वाळूत पुरलं, गुरुदा," बेनेडिक्ट म्हणाला. "आता एक तरी वर ठेवू या."

गुरुदत्त लगेच हो म्हणाले. रात्री जेवताना त्यांनी उज्ज्वलाबाईंना सांगितलं.

"चांगलं आहे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "पण विश्वकर्म्याला काय वाटेल? इतकी वर्षं त्याच्या पूजेचा प्रसाद खाल्लात."

"काय वाटायचंय? दोघं एकाच धंद्यातले."

"म्हणूनच विचारते. एका गल्लीतले दोन शिंपी कधी बघितले नाहीत का तुम्ही?"

विश्वकर्म्याने काही हरकत घेतली नाही. बेनेडिक्टने चर्चमधल्या कोनाड्याचं माप टेपने घेऊन आणून दिलं. गुरुदत्तांनी त्यांची जुनी पोलादी पट्टी पेटीतून काढून तेल लावून पुसली आणि काम सुरू झालं. चर्चचे फादर सौरभ मंडल हे तरुण आणि उत्साही गृहस्थ. त्यांनी नमुना म्हणून एक रंगीत चित्र पाठवलं. चित्रातला जोसेफ गोरापान होता, केस शांपूने धुतल्यासारखे, हातात पांढरी फुलं.

"हा सुतार?" गुरुदत्त चित्र उजेडाकडे धरून म्हणाले. "याने जन्मात खिळा ठोकलेला नाही. याचे हात बघ, बेनेडिक्ट. हा माणूस फुलवाला आहे."

मग त्यांनी खुद्द बेनेडिक्टलाच समोर बसवून बघितलं. पण बेनेडिक्टला गप्प बसता येत नसे. जबड्याचं माप घेईपर्यंत तोंड उघडायचं आणि कपाळाकडे वळलं की मान फिरायची. दोन दिवसांत कागदावर जे उतरलं ते संताचं चित्र नव्हतं, लिलाव पुकारणाऱ्या माणसाचं होतं. म्हणून संत बिनचेहऱ्याचा उभा होता.

आता इथे हेमंतला आणायला हवं.

हेमंत हा उज्ज्वलाबाईंचा धाकटा आणि एकुलता एक भाऊ, एका बँकेत बऱ्यापैकी मोठा अधिकारी. काही वर्षांपूर्वी तो नागपूरला असताना गुरुदत्तांनी त्याला हापूस आंब्यांची पेटी पाठवली होती. गवतात नीट मांडलेले आंबे, देठाकडे किंचित लाली, एकदोनांच्या सालीवर खऱ्यासारखे काळे ठिपके. सगळे लाकडी. गंमत एवढीच करायची होती की हेमंत पेटी उघडेल, फसेल आणि हसेल. पण हेमंतने पेटी न उघडताच आपल्या वरिष्ठ साहेबांच्या घरी भेट म्हणून पोचवली. साहेबांच्या मातोश्रींनी एक आंबा दाबून बघितला, त्यांना तो जरा कच्चा वाटला, आणि त्यांनी सगळे आंबे आढीत घातले. आढीवर पोतं टाकलं, रोज एकदा हात घालून बघितलं. शेवटी एके दिवशी सगळ्या घरासमोर सुरी काढली.

त्या वर्षी हेमंतची बढती हुकली. ती आंब्यांमुळेच हुकली असं काही नाही, पण हेमंत तसं म्हणायचा. त्यानंतर तो किती तरी वर्षं ताईच्या दारात आला नाही. भाऊबीजेला ओवाळणी पोस्टाने यायची. उज्ज्वलाबाई ती देवासमोर ठेवायच्या आणि दिवसभर गुरुदत्तांशी एक शब्द बोलायच्या नाहीत.

आणि आता बँकेने हेमंतची बदली कलकत्त्याला केली होती. शाखा खिदिरपूरला, गार्डन रीचच्या अलीकडे. बायकोमुलं नागपुरातच राहिली होती, त्यामुळे दर रविवारी तो डमडमला जेवायला यायचा. उज्ज्वलाबाई शनिवारपासून कामाला लागायच्या. इथल्या बाजारात मिळेल त्यातून त्या वांग्याचं भरीत करायच्या, पाटवड्या करायच्या, आणि भावाशी नागपुरातल्या यच्चयावत नातेवाइकांवरून कडाकडा भांडायच्या. मनसोक्त मराठीत भांडायला आठवड्यातून एकदा माणूस मिळतो, हे सुख कलकत्त्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

"हे बघा," बदलीची बातमी आली त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "बँकेने माझं माहेर उचलून इथे आणून दिलंय. पुन्हा तुमची काही गंमत झाली आणि तो यायचा बंद झाला, तर मी सरळ नागपूरची गाडी पकडीन. मग तुम्ही बसा तुमच्या ओंडक्याबरोबर जेवत."

त्या गंमत म्हणून बोलत नव्हत्या हे गुरुदत्तांना पक्कं कळत होतं. त्यांनी देवासमोर हात जोडून शब्द दिला होता. अडचण अशी, की हेमंत गप्प बसू देईल असा माणूसच नव्हता.

एवढा आळशी प्राणी गुरुदत्तांनी दुसरा बघितला नव्हता. पाण्याचा पेला कोपराला लागत असला तरी तो "ताई, पाणी" अशी हाक मारायचा. टीव्हीचा रिमोट लांब राहिला तर नावडता कार्यक्रम शेवटपर्यंत बघायचा. जेवण झालं की मागच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जाऊन पडायचा आणि पाठ टेकायच्या आत झोपायचा. तीसुद्धा कशी झोप? घोरणं नाही, हलणं नाही, डास चावला तरी हात उचलणं नाही. पापण्या पाऊण मिटलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात एक तृप्त भाव, जणू जगातली सगळी कामं दुसऱ्या कुणीतरी करून टाकली आहेत.

एका रविवारी गुरुदत्त खुर्चीसमोर स्टुलावर बसले होते. डाव्या हाताला हेमंत, उजव्या हाताला बिनचेहऱ्याचा संत. त्यांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

न हलणारा माणूस हवा होता, तो समोर होता. नाक चांगलं होतं, सरळ आणि थोडं रुंद, लाकडात खुलेल असं. कपाळही भव्य होतं, वापर न झाल्यामुळे त्यावर एक आठी नव्हती. आणि मग तो विचार आला, जो येताच गुरुदत्तांना हसू आवरायला तोंडात रुमाल कोंबावा लागला. साऱ्या जगातल्या कष्टकऱ्यांचा आश्रयदाता, आणि त्याला तोंड हेमंतचं!

दिलेला शब्द त्यांना आठवला. नाही असं नाही. पण कोनाडा चांगला दोन पुरुष उंचीवर होता, त्यात उजेड नावापुरता, आणि संताला दाढी असते. दाढी लावली की कोण कुणाला ओळखतंय? आणि उज्ज्वला तिथे मान वर करकरून कशाला बघत बसेल?

त्यांनी पेन्सिल उचलली.

पुढचे सगळे रविवार सुखात गेले. उज्ज्वलाबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या की गुरुदत्त पटाशी घ्यायचे. हेमंतची हालचाल झाली की संतावर जुनी चादर पडायची. "झालं का हो काम, भाऊजी?" तो जांभई देत विचारायचा. "चाललंय, तुझी मदत आहेच," असं म्हणून गुरुदत्त भुसा झाडायचे. संत मात्र झपाट्याने आकाराला येत होता. पॅटर्नमेकरला एक सवय असते, समोर जे असेल ते सगळं उतरवायचं, आपल्या मनाने काही गाळायचं नाही. त्यामुळे पाऊण मिटलेल्या पापण्या आल्या, ओठांच्या कोपऱ्यातला तृप्त भाव आला, आणि डाव्या भुवईतून तिरपी गेलेली एक जुनी खूणसुद्धा आली. ती कोरताना गुरुदत्तांच्या मनात काही आलं नाही. होती म्हणून आली. वर त्यांनी भरघोस दाढी दिली आणि ते निर्धास्त झाले.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी संत गोधडीत गुंडाळून मॅटाडोरमधून गार्डन रीचला गेला. सोबत गुरुदत्त. चर्चच्या दारात गोधडी सोडली आणि वस्तीतल्या बायका, कामावरून परतणारी माणसं भोवती जमली. कुणी झग्याच्या चुण्यांवरून बोट फिरवलं, कुणी रंध्याचं पातं खरं आहे का ते बघितलं. "आमच्या गुरुदाने केलंय," बेनेडिक्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. गुरुदत्त खांबाला टेकून उभे होते. लोक लाकूड बघत होते. फक्त लाकूड.

फादर सौरभना धीर नव्हता. ते पळत जाऊन पवित्र पाणी घेऊन आले, त्यांनी दारातच प्रार्थना म्हटली, मूर्तीवर पाणी शिंपडलं आणि आशीर्वाद देऊन टाकला. मग चौघांनी संताला उचलून शिडीने वर नेलं. पाय आत गेले. कंबर आत गेली. डोकं कमानीला थडकलं आणि थांबलं.

"जरा तिरका करा," बेनेडिक्ट खालून ओरडला.

तिरका केला. उलटा फिरवला. पुढून, बाजूने, हर प्रकारे करून बघितलं. संत अर्धा इंच जास्त होता.

"असं होणारच नाही," गुरुदत्त म्हणाले. "मी पट्टी लावून केलंय."

"कुठली पट्टी?" बेनेडिक्टने विचारलं.

गुरुदत्तांनी पिशवीतून पट्टी काढली. बेनेडिक्टने ती हातात घेतली, टोकाला कोरलेली अक्षरं वाचली आणि तो चर्चच्या पायरीवर मट्कन बसून असा हसला की फादर घाबरले.

लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून फाउंड्रीत लाकडाचा नमुना मुद्दाम थोडा मोठा करतात, आणि दर वेळी हिशेब करायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच लांब असते. तिच्यावर एक फूट म्हणून लिहिलेलं असतं, पण तो खऱ्या फुटापेक्षा चिमूटभर जास्त भरतो. गुरुदत्तांनी आयुष्यभर जगाकडे त्याच पट्टीने बघितलं होतं. बेनेडिक्टचं माप खऱ्या टेपचं आणि संत फाउंड्रीच्या पट्टीचा.

"अरे, तू याला ओतायला काढलास, गुरुदा!" बेनेडिक्ट डोळे पुसत म्हणाला. "थांबा, फादर, थंड होऊ द्या. आपोआप आकसेल."

"त्यात काय एवढं?" गुरुदत्त घाईघाईने म्हणाले. "बैठक खालून कापतो. करवत आणा."

"करवत?" फादर सौरभ मूर्तीपुढे हात पसरून उभे राहिले. "आशीर्वाद दिलेल्या मूर्तीला? छे, छे, दादा. आणि खरं सांगू? वर कोनाड्यात हवेच कशाला? कामकऱ्यांचे संत आहेत, कामकऱ्यांत राहू देत. दाराशी ते बुटकं टेबल आहे ना, त्यावर उभे करू. आत येणाऱ्या प्रत्येकाला अगदी समोरासमोर दर्शन."

अगदी समोरासमोर. टेबलावर चढवल्यावर संताचा चेहरा बरोबर माणसाच्या चेहऱ्यासमोर येत होता. वरून खिडकीतला सगळा उजेड त्याच्या तोंडावर. गुरुदत्तांनी लांबून बघितलं. दाढी होती, झगा होता, डोक्यामागे प्रभावळ होती, आणि मध्यभागी भरीत खाऊन नुकताच आडवा झालेला हेमंत होता.

"हेमंतला सुट्टीच आहे उद्या," घरी पोचताच उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "त्यालाही घेऊन जाऊ. तुमचं एवढं काम, बघायला घरचं कुणी नको?"

"उद्या फार उकडणार आहे."

"ते रोजच उकडतं."

"एवढं लांब. त्याला झेपायचं नाही. त्याची दुपारची झोप..."

"त्याने स्वतःच विचारलं मला," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून बघत राहिल्या. "तुम्ही असे का बोलताय?"

सकाळी गुरुदत्त सगळ्यांच्या आधी गार्डन रीचला पोचले. वाटेत त्यांनी झेंडूचे हार घेतले होते. पहिला हार गळ्यात घातला, दुसरा त्यावर, तिसरा दाढीवर, चौथा ओठांवर. संत नाकापर्यंत झेंडूत बुडाला. गुरुदत्त पाचवा हार भुवयांवरून सोडत असताना फादर आले.

"वा, किती भक्ती!" फादर म्हणाले. "पण त्यांना श्वास तर घेऊ द्या." आणि त्यांनी चार हार काढून पायाशी ठेवले.

मग लोक यायला लागले. थाप्या, पान्हे, शिवणयंत्राच्या कात्र्या, कुणाचं हेल्मेट, असा ढीग वाढत गेला. एक म्हातारी लाटणं घेऊन आली होती. ती संतासमोर वाकली, मग डोळे बारीक करून वर बघत मोठ्याने म्हणाली, "हे तर झोपलेत!"

माणसं जवळ सरकून बघायला लागली. खरंच की. झोपलेतच. कामकऱ्यांचा संत आणि ऐन सणाच्या सकाळी पेंगतोय? मागून कुणीतरी खुदकन हसलं. गुरुदत्तांनी दार किती लांब आहे ते बघितलं.

फादर सौरभ मात्र टेबलाजवळ आले, त्यांनी चेहरा निरखला आणि त्यांचे डोळे चमकले. "बरोबर! जोसेफना देवाचा निरोप नेहमी स्वप्नात यायचा. मेरीला घरी आण, मुलाला घेऊन पळून जा, सगळं त्यांना झोपेत कळलं. उठले आणि एक शब्द न बोलता कामाला लागले. कामकऱ्याची झोपसुद्धा देव वाया जाऊ देत नाही!" ते गुरुदत्तांकडे वळले. "दादा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं," गुरुदत्त नम्रपणे मान खाली घालून म्हणाले. "पुष्कळ दिवस डोळ्यांसमोर होतं."

म्हातारीने लाटणं ठेवून नाक घासलं. आता जो तो त्या मिटल्या डोळ्यांकडे कौतुकाने बघायला लागला, आणि तेवढ्यात दारातून उज्ज्वलाबाई आणि त्यांच्या मागून घाम पुसत हेमंत आत आले.

उज्ज्वलाबाई संतासमोर थांबल्या. बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. गुरुदत्त छतावरचा पंखा बघत होते.

हेमंत पुढे झाला. दोघांची तोंडं हातभर अंतरावर, एक दाढीवालं, एक गुळगुळीत, दोन्हींच्या पापण्या सारख्याच जड. हेमंतने खिशातून चष्मा काढून लावला. गुरुदत्तांना वाटलं, संपलं. आता नागपूरची गाडी.

"तुमचं हत्यार?" फादरांनी अगत्याने विचारलं.

हेमंतने गोंधळून खिसे चाचपले, शर्टाचं पेन काढलं आणि पान्ह्याशेजारी ठेवलं. हात जोडले. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग वळून म्हणाला, "भाऊजी, झकास झालंय हो. पण यांच्याकडे बघितलं की मला झोप यायला लागते."

एवढंच. आणि जाऊन मागच्या बाकावर बसला. पंख्याखालच्या.

परतीच्या टॅक्सीत हेमंत पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. मागे उज्ज्वलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "भुवईवरची ती खूण कुठून आणलीत?"

"कुठली खूण?"

"ती माझ्या हातची आहे. मी सात वर्षांची होते, तो पाच. मी पाटी फेकून मारली होती. टाके पडले होते त्याला." त्यांचा आवाज विचित्र होत होता. गुरुदत्तांनी चोरून बघितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आमच्या आईला किती वाटायचं, याने काहीतरी नाव काढावं. आणि तुम्ही त्याला एकदम संतच करून ठेवलात! लोक पाया पडतायत हो त्याच्या."

"म्हणजे तू नागपूरला..."

"शपथ घ्या. त्याला एका अक्षराने सांगणार नाही. विचारणारसुद्धा नाही. आडून नाही, वळसा घेऊन नाही. त्याला कळलं आणि त्याने मनाला लावून घेतलं तर बघा."

गुरुदत्तांनी शपथ घेतली. आणि तिथेच ते फसले.

कारण पुढच्या रविवारी हेमंत आला, जेवला, वेताच्या खुर्चीत झोपला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. उज्ज्वलाबाई पाटवड्या करत होत्या, दोघं भांडत होते, सगळं पहिल्यासारखं होतं. गुरुदत्त स्टुलावर बसून त्या मिटलेल्या पापण्यांकडे टक लावून बघायचे. ओठांच्या कोपऱ्यातला तो भाव पूर्वीचाच होता की थोडा जास्त तृप्त झाला होता? माप घेता येत नव्हतं. कुठल्याच पट्टीने.

मग एका गुरुवारी फादर सौरभचा फोन आला. बोलता बोलता ते म्हणाले, "तुमचे मेहुणे फार श्रद्धाळू हं, दादा. बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत आले होते. सोबत एक मित्र होते, तेही तुमच्यातलेच."

"मराठी?"

"हो. ते मित्र मूर्तीसमोर उभे राहिले. मूर्तीकडे बघितलं, मग मेहुण्यांकडे बघितलं, परत मूर्तीकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. तुमच्या मेहुण्यांनी संतांच्या खांद्यावर हात ठेवला, असा, मैत्रीने, आणि एक छोटंसं वाक्य बोलले. मग दोघं इतके हसले, इतके हसले, की प्रार्थना करणाऱ्या बायकांनी वळून बघितलं."

गुरुदत्त खुर्चीतून उठून उभे राहिले. "काय बोलले?"

"ते मला कसं कळणार? मराठीत बोलले."

"आवाज कसा होता? चिडलेला?"

"हसत होते म्हटलं ना, दादा."

"हसणं दोन प्रकारचं असतं, फादर! नीट आठवा. भोळं हसणं होतं, की आतून काहीतरी माहीत असल्यासारखं?"

"मी पाद्री आहे," फादर सौरभ जरा दुखावून म्हणाले. "हसण्याचा पारखी नाही. तुम्ही त्यांनाच का नाही विचारत?"

गुरुदत्तांनी फोन ठेवला. हेमंतला विचारायचं तर आपणच कबुली दिल्यासारखं. उज्ज्वलाला विचारायला सांगायचं तर शपथ. त्या मित्राचं नावगाव माहीत नाही. अख्ख्या गार्डन रीचमध्ये ते एक वाक्य भर दुपारी मोठ्याने बोललं गेलं होतं, आणि ते समजेल असा तिसरा माणूस तिथे नव्हता.

आतून उज्ज्वलाबाईंनी विचारलं, कुणाचा फोन. फादरांचा, सहज केला होता, असं सांगून ते व्हरांड्यात येऊन वेताच्या खुर्चीत बसले. त्या फोनला आज कितीतरी आठवडे झाले. रविवारी हेमंत येतो, "ताई, पाणी" म्हणतो, झोपतो. आणि गुरुदत्त समोर बसून एकाच गोष्टीचा विचार करत राहतात: संताच्या खांद्यावर हात ठेवून हा माणूस नेमकं म्हणाला तरी काय?